फसवून घेण्याची संमती

१४ मार्च २०११. कॅलिफोर्नियातल्या आर्केडिया गावात एका सभागृहात शेकडो भौतिकशास्त्रज्ञ जमले होते, आणि बाकीचे जगभरातून व्हिडिओवर जोडले गेले होते. गेले सहा महिने ही मंडळी एकाच सिग्नलच्या मागे होती. १६ सप्टेंबर २०१० ला लायगोच्या दोन डिटेक्टरमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या वायव्येला हॅनफर्डमध्ये आणि दक्षिणेला लिव्हिंग्स्टनमध्ये, जवळपास एकाच क्षणी एक थरथर नोंदली गेली होती. सॉफ्टवेअरने ती काही मिनिटांत पकडली. बाहेरच्या दुर्बिणींना निरोप गेले, त्यांनी आकाशाच्या त्या भागाकडे तोंडं वळवली. व्याधाचा तारा ज्या तारकासमूहात आहे, त्या ‘मोठ्या कुत्र्या’च्या दिशेने सिग्नल आल्यासारखा वाटत होता, म्हणून त्याचं टोपणनाव पडलं ‘बिग डॉग’. निव्वळ नॉइजमधून असा योगायोग घडायचा तर सरासरी ७,००० वर्षं थांबावं लागेल, असं गणित निघालं. शोधनिबंध लिहून तयार होता. गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा थेट सापडल्याचा पुरावा, अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं. त्यातल्या एकेका शब्दावर भांडणं होऊन गेली होती.

मग लायगोचे संचालक जे मार्क्स यांनी ‘लिफाफा उघडला’. लिफाफा हा बोलण्यातला शब्द. खरी गोष्ट एवढीच, की सिग्नल खोटा होता. संस्थेतल्याच मोजक्या लोकांनी, बाकी कुणालाही न सांगता, डिटेक्टरचे आरसे मुद्दाम हलवले होते. दोन अवजड तारे एकमेकांभोवती फिरत एकमेकांत मिसळले तर आरसे जसे हलतील, अगदी तसे.

निबंध रद्द झाला. लोक घरी गेले.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली की डोक्यात येणारा प्रश्न भौतिकशास्त्राचा नसतो. आपल्याच सहकाऱ्यांना सहा महिने खोट्याच्या मागे पळवणं बरोबर होतं का? एखाद्या पीएचडीच्या मुलीने दिवाळीला, म्हणजे तिकडच्या ख्रिसमसला, घरी न जाता ज्या आकड्यांवर रात्री घालवल्या असतील, ते आकडे तिच्याच वरिष्ठांनी बनवलेले निघाले तर? मला वाटतं ते बरोबर होतं. पण का बरोबर होतं, हे सांगायला या यंत्राच्या पोटात शिरावं लागतं, कारण हा प्रश्न या यंत्रानेच तयार केला आहे.

इंटरफेरोमीटर कळायला अवघड नाही. प्रकाशाचा एक झोत घ्या, अर्धपारदर्शक काचेने त्याचे दोन भाग करा, दोघांना काटकोनात दोन वाटांनी पाठवा, आरशांवरून परत आणा आणि पुन्हा एकत्र करा. दोन्ही वाटा अगदी सारख्या असतील तर लहरी एका पद्धतीने जुळतील. एक वाट किंचित लांब असेल तर वेगळ्या पद्धतीने. या जुळण्या-न-जुळण्याचे उजेडाचे आणि काळोखाचे पट्टे दिसतात. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही छोटी असल्यामुळे आरसा केसाच्या जाडीचा छोटासा अंश जरी सरकला तरी पट्टे हलतात. म्हणजे प्रकाशाचीच पट्टी करून मोजायचं.

पण या पट्टीला भिंतीपलीकडचा घोडाही दिसतो. अल्बर्ट मायकेलसनने १८८१ मध्ये बर्लिनमध्ये हे यंत्र मांडलं तेव्हा शहरातल्या रहदारीच्या कंपनांनी त्याला काही करू दिलं नाही. तो यंत्र घेऊन पॉट्सडॅमच्या वेधशाळेत गेला. तिथेही शंभर मीटरवर कुणी पाय आपटला की पट्टे गायब. १८८७ मध्ये क्लीव्हलंडमध्ये त्याने एडवर्ड मॉर्लीबरोबर प्रयोग पुन्हा केला. या वेळी सगळं यंत्र दगडाच्या एका जाडजूड फरशीवर होतं, आणि फरशी पाऱ्यावर तरंगत होती. शोधायचं होतं ‘ईथर’ नावाच्या माध्यमाचं वारं. पृथ्वी त्यातून धावत असेल तर एका दिशेचा प्रकाश दुसऱ्यापेक्षा उशिरा पोचायला हवा होता, आणि यंत्र गोल फिरवलं की पट्टे ०.४ पट्ट्याने सरकायला हवे होते. जे सरकणं दिसलं ते याच्या चाळीसाव्या भागाहूनही कमी असावं, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

आज आपण या निकालाला विज्ञानातलं सर्वांत प्रसिद्ध अपयश वगैरे म्हणतो. मायकेलसनला तसं वाटत नव्हतं, तो नाराज होता. दर तीन महिन्यांनी प्रयोग पुन्हा करू असं त्यांनी निबंधात लिहिलं होतं, ते त्यांनी केलंच नाही. १९०७ चं नोबेलही त्याला ईथर न सापडल्याबद्दल मिळालं नाही, अचूक प्रकाशीय उपकरणं आणि त्यांनी केलेल्या मोजमापांबद्दल मिळालं. पण त्याने एक केलं. जे दिसलं नाही, ते ‘दिसलं नाही’ असं छापलं. याच्या उलट त्याच्याच पठडीतला डेटन मिलर. त्याने १९२० च्या दशकात माउंट विल्सनवर हजारो निरीक्षणं घेतली आणि ईथरचं थोडं वारं सापडलं असं जाहीर केलं. मिलर लबाड नव्हता. उलट त्याच्याइतकी चिकाटी क्वचितच कुणाकडे असेल. १९५५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, त्याच्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या. त्या सरकण्याचं मूळ बहुधा खोलीतल्या तापमानाच्या छोट्या फरकांत होतं.

मिलरची केस मला मायकेलसनपेक्षा जास्त छळते. खोटं बोलणाऱ्याचा बंदोबस्त करणं तुलनेने सोपं आहे. प्रामाणिक, मेहनती आणि उत्तर काय यायला हवं हे आधीच माहीत असलेल्या माणसाचं काय करायचं?

लेझर येईपर्यंत या यंत्राची एक मर्यादा होती. दिव्याचा प्रकाश शिस्तीचा नसतो, दोन वाटांतला फरक हातभर झाला की लहरींचा मेळ सुटतो आणि पट्टे पुसट होतात. तरीही मायकेलसनने १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळ सेव्हर इथे कॅडमियमच्या लाल प्रकाशाने मीटर मोजला: १५,५३,१६३.५ लहरी. तिजोरीतल्या धातूच्या दांड्याला त्या दिवसापासून एक प्रतिस्पर्धी मिळाला. १९६० मध्ये दांडा खरोखर निवृत्त झाला आणि मीटर म्हणजे क्रिप्टॉनच्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ लहरी असं ठरलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी लेझर जन्माला आला आणि क्रिप्टॉनचा दिवा जुना वाटू लागला. १९८३ पासून मीटर म्हणजे प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं जातो तेवढं अंतर. दांडा गेला, दिवाही गेला, आता फक्त घड्याळ आणि प्रकाश.

हीलियम-निऑन लेझरचा तो ओळखीचा लाल ठिपका, ६३२.८ नॅनोमीटरचा, १९६२ मध्ये आला. सत्तरच्या दशकात त्यावर चालणारी मोजणीयंत्रं कारखान्यांत पोचली. त्यातली एक युक्ती फार सुंदर आहे. लेझरला चुंबकात ठेवून त्याच्यातून एकाऐवजी किंचित वेगवेगळ्या दोन वारंवारता काढायच्या, आणि उजेड-काळोख मोजण्याऐवजी त्या दोघींमधल्या फरकाची धून ऐकायची. आरसा हलला की धून बदलते. मग वाटेत धूळ आली, झोत अंधूक झाला, तरी मोजणी बिघडत नाही. तुम्ही हे ज्या फोनवर वाचत असाल, त्याच्या चिपवरचे थर एकमेकांवर नेमके बसवणाऱ्या यंत्रांना कित्येक वर्षं याच तंत्राने जागा दाखवली. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनचं कॅलिब्रेशन करायला येणारा माणूस पेटीतून जे काढून ट्रायपॉडवर लावतो, तेही याच कुळातलं.

कारखान्यातल्या या यंत्राचं नीतिशास्त्र सरळ आहे. हवेचं तापमान एका अंशाने बदललं की मोजमाप दहा लाखांत एका भागाने चुकतं, म्हणून तापमान, दाब, आर्द्रता मोजून दुरुस्ती करायची. ती केली नाही तर सर्टिफिकेट खोटं. आणि ते खोटं पकडता येतं. त्याच मशीनवर दुसरा माणूस दुसरा लेझर लावू शकतो. पार्ट बसत नाही, गिऱ्हाईक परत पाठवतं. सत्याची परीक्षा घ्यायला बाहेर एक जग उभं असतं.

आता समजा, जी गोष्ट मोजायची आहे ती आजवर कुणीच पाहिलेली नाही. ती असेलच तर क्षणार्धात येऊन जाईल आणि पुन्हा येणार नाही. ताडून बघायला दुसरा पार्ट नाही, गिऱ्हाईकही नाही. मग परीक्षा कोण घेणार?

जोसेफ वेबरची गोष्ट इथे येते. मेरीलँड विद्यापीठातला हा माणूस आधी अमेरिकी नौदलात अधिकारी होता, आणि लेझरचा पूर्वज असलेल्या मेसरच्या मूळ कल्पनेवर १९५२ मध्ये जाहीर भाषण देणाऱ्यांतला पहिला होता. गुरुत्वीय लहरी शोधायच्या हे त्याने ठरवलं तेव्हा असं काही करता येईल असं कुणाला वाटतही नव्हतं. त्याने एक टनाहून जड अॅल्युमिनियमचे दंडगोल टांगले. लहर आली की ते घंटेसारखे सूक्ष्म वाजतील, अशी कल्पना. एक संच मेरीलँडला, दुसरा सुमारे हजार किलोमीटरवर शिकागोजवळ. दोन्हीकडे एकाच वेळी वाजलं तर ते स्थानिक कारण नव्हे. १९६९ मध्ये त्याने जाहीर केलं की लहरी सापडल्या. तो रातोरात प्रसिद्ध झाला.

मग इतरांनी आपापले दंडगोल टांगले. बेल लॅब्स, आयबीएम, ग्लासगो, म्युनिक. कुणालाच काही सापडेना. वेबरला मात्र सापडतच राहिलं. पुढचा प्रसंग आमच्या धंद्यातल्या कुणालाही ऐकून घाम फुटेल असा आहे. रॉचेस्टरच्या डिटेक्टरची टेप आणि आपली टेप एकत्र चालवून त्याने दोन्हींत एकाच वेळी येणाऱ्या घटना दाखवल्या. नंतर कळलं, की एका टेपवरची वेळ ग्रीनिचची होती आणि दुसरीवरची अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची. ‘एकाच वेळी’ घडलेल्या त्या घटनांत प्रत्यक्षात चार तासांचं अंतर होतं.

टाइमझोनचा बग कुणाच्याही हातून होतो. इथे भयंकर आहे ते असं, की बग असूनही योगायोग सापडले. चार तासांनी सरकवलेल्या डेटात सापडायला काहीच नव्हतं, तरीही ते सापडले. म्हणजे शोधण्याच्या पद्धतीतच ते कुठेतरी तयार होत होते. उंबरठा थोडा इकडे, फिल्टर थोडा तिकडे, आणि ‘बरोबर’ दिसेपर्यंत फेरफार. आपण कोड लिहितो तेव्हा टेस्ट हिरवी झाली की हात थांबतो. लाल असताना आपण दहा वेळा तपासतो, हिरवी झाल्यावर एकदाही नाही. वेबरचा हात हिरव्यावर थांबत गेला. २००० मध्ये तो वारला. आपण बरोबर होतो, यावर तो शेवटपर्यंत ठाम होता.

या वादळाच्या काळातच एमआयटीमध्ये राइनर वाइस नावाचा प्राध्यापक सापेक्षतावाद शिकवत होता. विद्यार्थी वेबरबद्दल विचारायचे आणि याला त्या दंडगोलांची रीत पटत नव्हती. मग त्याने स्वतःला सोपं वाटेल असं एक उदाहरण वर्गात मांडलं: मोकळे टांगलेले आरसे, मध्ये लेझर, आणि येण्याजाण्याच्या वेळेतला फरक. कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती. सोव्हिएत रशियात गेर्त्सेनश्टाइन आणि पुस्तोवॉइट यांनी १९६२ मध्येच ती मांडली होती, आणि वेबरचाच जुना विद्यार्थी रॉबर्ट फॉरवर्ड कॅलिफोर्नियात असा पहिला छोटा इंटरफेरोमीटर बांधत होता. वाइसचं वेगळेपण १९७२ च्या त्याच्या अहवालात आहे. यंत्र कसं चालेल हे त्यात आहेच, पण त्याचा खरा जीव आहे यंत्र कशाकशाने फसेल याच्या यादीत. लेझरचं थरथरणं, आरशांच्या रेणूंची उष्णता, जमिनीची हालचाल, उरलेल्या वायूचा दाब, प्रकाशकणांचा मारा, अगदी बाहेरच्या वस्तुमानांच्या हालचालीने बदलणारं गुरुत्वाकर्षणसुद्धा. प्रत्येकाला एक आकडा. अजून न बांधलेल्या यंत्राची ही आगाऊ बदनामी होती म्हणा ना. मला तो अहवाल तांत्रिक लेखनापेक्षा एखाद्याने स्वतःच्या स्वभावाची केलेली झाडाझडती वाटतो.

त्यातून लायगो उभं राहिलं. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, आत निर्वात. जी हालचाल पकडायची ती मीटरच्या तुलनेत दशांश चिन्हानंतर वीस शून्यं आणि मग एक, एवढी. चार किलोमीटरच्या भुजेत ती प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढी भरते. ज्या लेझरने मोजायचं त्याच्या लहरीच्या लांबीचा तो जवळपास २५ हजार कोटींवा भाग. एवढ्या नाजूक यंत्राला समुद्राच्या लाटा ऐकू येतात, ट्रक ऐकू येतात, विमानं ऐकू येतात.

विमानाची तर एक गोष्टच आहे. सुरुवातीच्या एका फेरीत विश्लेषणाचे सगळे नियम आधी ठरवले, डेटा झाकून ठेवला, आणि मग ‘पेटी उघडली’ तेव्हा एक घटना हाती आली. शोध घेतल्यावर कळलं, की त्या वेळी हॅनफर्डवरून एक विमान गेलं होतं आणि त्याचा आवाज यंत्रात उतरला होता. साधा उपाय: घटना काढून टाका. पण नियम होता, की पेटी उघडल्यावर काही बदलायचं नाही. कारण नको असलेली गोष्ट काढायला आज सबळ कारण सापडलं, तर उद्या हवी असलेली गोष्ट ठेवायलाही सापडेल. शेवटी मतदान झालं. घटना काढली, आणि काढल्याचं निबंधात लिहिलं. हॅरी कॉलिन्स नावाचे एक समाजशास्त्रज्ञ या गटात दशकानुदशकं बसून ही भांडणं नोंदवत आले आहेत. माझ्या मते विमान काढणं योग्यच होतं. पण ज्यांनी विरोध केला त्यांच्याशिवाय ते योग्य ठरलं नसतं.

दुसरं संकट आणखी खोल आहे. लहरींचा आकार कसा असेल हे गणिताने आधीच माहीत असतं, म्हणून त्या आकाराचे साचे घेऊन नॉइजमध्ये शोधायचं. पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये हे साचे कसे निवडायचे यावर पायाभूत काम केलं, आणि आज जगभर जे चालतं ते त्याच वाटेवर. याशिवाय इतका क्षीण सिग्नल मिळणं अशक्य. पण साचा हातात धरून ढगांकडे बघणाऱ्याला हत्ती दिसणारच. मग आपल्याला दिसलेला हत्ती खरा की ढग, हे कसं ठरवायचं? उत्तर भन्नाट आहे: वेबरची चूक मुद्दाम करायची. एका डिटेक्टरची टेप दुसऱ्याच्या तुलनेत काही सेकंद सरकवायची. दोन्हींमधलं अंतर कापायला प्रकाशाला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे सरकवलेल्या डेटात जो योगायोग दिसेल तो नक्की खोटा. असं हजारो वेळा सरकवायचं आणि खोटे योगायोग मोजायचे. वेबरने चार तास सरकलेला डेटा खरा समजला होता. यांनी सरकवलेल्या डेटालाच खोटेपणाची मोजपट्टी केलं.

एवढं करूनही एक यंत्र तपासायचं राहतं, ते म्हणजे ही माणसं. नियम कागदावर आहेत, पण खरोखर सिग्नल आला, नोबेल समोर दिसायला लागलं, तर ही मंडळी नियम पाळतील? आणि उलट, चाळीस वर्षं वेबरच्या भीतीत काढल्यावर खरा सिग्नल आला तरी ‘हो’ म्हणायची हिंमत करतील? हे विचारून कळत नाही. ज्याला माहीत आहे की ही परीक्षा आहे, तो परीक्षेसारखा वागतो. म्हणून गुप्त इंजेक्शन. २००७ मध्येही एक झालं होतं. तेव्हा गटाला सिग्नल दिसला, पण ‘सापडलं’ म्हणण्याचं धाडस झालं नाही. २०१० च्या बिग डॉगला ते म्हणू शकले.

आता तो मूळ प्रश्न. फसवणूक ती फसवणूकच, असं कुणी म्हणेल. आपल्याकडे याचं सर्वांना पाठ असलेलं उदाहरण आहे. अश्वत्थामा मेला, ‘नरो वा कुंजरो वा’. धर्मराजाने शब्दाने खोटं न बोलता द्रोणाचार्यांना फसवलं, आणि आजवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. त्या प्रसंगात माझ्या मते खुपतं ते वाक्य खरं होतं की खोटं हे नाहीच. द्रोणाने विश्वासाने विचारलं होतं, आणि आपण ज्या खेळात आहोत त्यात धर्मराजही फसवू शकतो हे त्याला माहीत नव्हतं.

बिग डॉगमध्ये सर्वांना माहीत होतं. कधी ते नाही, पण होऊ शकतं हे. ‘आम्हाला न सांगता फसवा’ असा ठराव त्या समुदायानेच आधी केला होता. लिफाफा कधी उघडणार हेही ठरलेलं होतं: निबंध पाठवण्यापूर्वी. म्हणजे खोटं घराबाहेर पडणार नव्हतं आणि त्याला मुदत होती. आणि एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ही परीक्षा कुणा एकाची नव्हती. नापास झालेल्यांची यादी लागणार नव्हती. संचालकांपासून विद्यार्थ्यापर्यंत, बनवणारे मोजके सोडून, सगळे सारखेच आंधळे होते.

शेजारी आमच्या क्षेत्रातली फसवणूक ठेवून बघा. सिक्युरिटी ट्रेनिंगच्या नावाखाली कंपन्या आपल्याच लोकांना खोटे ईमेल पाठवतात. क्लिक केलं की ‘तुम्ही फसलात’ असं पान उघडतं आणि मॅनेजरकडे नाव जातं. २०२० च्या डिसेंबरात, कोविडच्या त्या वर्षी, एका मोठ्या अमेरिकी इंटरनेट कंपनीने कर्मचाऱ्यांना ६५० डॉलरचा सणाचा बोनस जाहीर करणारा ईमेल पाठवला होता. ज्यांनी फॉर्म भरला ते परीक्षेत नापास. ओरड झाल्यावर कंपनीने माफी मागितली. कागदोपत्री संमती इथेही असणार, ऑफर लेटरसोबत सही केलेल्या तीस पानांत कुठेतरी. पण ज्याने ईमेल लिहिला त्याची स्वतःची परीक्षा कधी होत नाही, आणि ज्याला बोनसची गरज होती तोच आधी फसतो. लायगोत आशा सगळ्यांची सारखी होती. इथे एकाच्या आशेचा दुसऱ्याने आमिष म्हणून वापर केला.

तरी बिग डॉग फुकट नव्हता. बाहेरच्या दुर्बिणींच्या रात्री त्यात खर्च झाल्या, आणि दुर्बिणीची रात्र ही रांगेत उभं राहून मिळणारी गोष्ट आहे. पण त्यातून निघालेला एक वाद पाहिला की किंमत वसूल झाली असं मला वाटतं. डेटा सरकवून खोटे योगायोग मोजताना बिग डॉगचा हॅनफर्डमधला अर्धा भाग लिव्हिंग्स्टनच्या साध्या नॉइजशी जुळून नवेच ‘छोटे कुत्रे’ तयार होत होते. ते खोट्यांत मोजायचे का? मोजले तर बिग डॉगची विश्वासार्हता घटते. वगळले तर आपण आधीच मानून चाललो, की बिग डॉग खरा आहे. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत. तर्कशास्त्राच्या पुस्तकातला चक्राकार युक्तिवाद इथे डेटात जिवंत होऊन भुंकत होता. यावर महिनोन्महिने वाद झाला. खरा सिग्नल आल्यावर, पत्रकार दारात असताना, हा वाद पहिल्यांदा घालायची वेळ आली असती तर काय झालं असतं, कल्पना करा.

खरा सिग्नल १४ सप्टेंबर २०१५ ला आला. आधी लिव्हिंग्स्टन, ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्ड. सुधारित यंत्राची औपचारिक फेरी अजून सुरूही व्हायची होती. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये मार्को ड्रागो नावाच्या तरुण संशोधकाच्या स्क्रीनवर तो सर्वांत आधी दिसला. १.३ अब्ज प्रकाशवर्षांवर सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वजनाची दोन कृष्णविवरं एक झाली होती, आणि तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींत विरलं होतं. आरशांच्या हालचालीतून हे बघणारा पृथ्वीवरचा पहिला माणूस. त्याच्या मनात आलं, हे इंजेक्शन असणार. इतकं सुबक काही खरं नसतंच. तो शेजारच्या सहकाऱ्याकडे गेला, दोघांनी लिव्हिंग्स्टनच्या कंट्रोल रूमला फोन लावला. तिथे तेव्हा पहाट होती.

काही जण म्हणतात, हीच त्या धोरणाची खरी किंमत. ‘लांडगा आला रे आला’ इतकं पाठ झालं, की मानवजातीच्या एका मोठ्या क्षणाला पहिली प्रतिक्रिया संशयाची आली. मला यात काही गमावलेलं दिसत नाही. वेबरला आनंद आधी झाला आणि शंका कधीच आली नाही. ड्रागोला शंका आधी आली. आनंदाला मग पाच महिने होतेच. इंजेक्शन नव्हतं हे वरून स्पष्ट झाल्यावरही काही जणांनी नेटाने तपासलं, की कुणी आतल्याने किंवा हॅकरने हे घडवून आणलं असेल का. पुन्हा डेटा सरकवून गणित झालं: असा योगायोग २,०३,००० वर्षांत एकदाही नाही. ११ फेब्रुवारी २०१६ ला जाहीर झालेल्या निबंधाच्या शीर्षकात या वेळी पुरावा हा सावध शब्द नव्हता. निरीक्षण, असं सरळ म्हटलं होतं.

त्यानंतर आठवडाभरात भारताच्या मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी झाली. जागा आहे हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला. तिथलं मूळ देऊळ धर्मराजाने बांधलं अशी आख्यायिका आहे, हा निव्वळ योगायोग, आणि कितीही वेळा टेप सरकवली तरी त्याचं महत्त्व वाढणार नाही. हिंगोलीचा डिटेक्टर सुरू झाला की लहर आकाशात कुठून आली हे खूप नेमकं सांगता येईल, कारण अमेरिकेपासून इतक्या दूर आणखी एक साक्षीदार मिळेल.

मला उत्सुकता आहे ती तिथल्या कंट्रोल रूमची. ड्रागो आणि त्याचा सहकारी कुणाला न विचारता दुसऱ्या खंडातल्या कंट्रोल रूमला फोन करू शकले. बिग डॉगच्या बैठकांत विद्यार्थी प्राध्यापकांना ‘हे चुकतंय’ म्हणू शकत होते, आणि म्हणूनच त्यांची फसवून घेण्याची संमती खरी होती. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो ला वजन नसतं. आपल्याकडच्या किती प्रयोगशाळांत पहिल्या वर्षाची मुलगी सरांना सांगू शकते, की सर, मला हा नॉइज वाटतोय? आयुकाचं वातावरण वेगळं आहे असं तिथले लोक सांगतात. माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजात तर प्रॅक्टिकलचं रीडिंग जर्नलमधल्या ‘अपेक्षित’ आकड्याशी जुळवून घ्यायची पद्धत होती, आणि न जुळणारं रीडिंग तसंच लिहिणाऱ्याला पुन्हा करून आण म्हणून परत पाठवायचे.

आता लायगोत आरसे ढकलायला एक वेगळा छोटा लेझर वापरतात. त्याच्या प्रकाशाच्या दाबाने आरसा ठरावीक अंतर सरकतो, आणि त्यावरून सगळ्या यंत्राची मोजपट्टी पक्की होते. खोटा सिग्नल घालायचा असेल तर तोही याच लेझरने घालतात. आरशाला दोन्ही ढकलण्यांतला फरक कळत नाही. हिंगोलीतही असा लेझर बसेल. त्याची किल्ली कुणाकडे असावी, हे तिथे काम करणाऱ्या पोरापोरींनी आधी एकत्र बसून ठरवायला हवं, यंत्र सुरू व्हायच्या आत.